शनिवारचा बाजार आणि माझी अट

नाना, ऑफिसात तुमची शोकसभा झाली. मसुदा मलाच करायला सांगितला होता. कॉम्प्युटरवर एक जुना मसुदा पडून होता, आधी वारलेल्या एका ड्रायव्हरचा. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख.' नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची. मी तसं केलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण केलं. त्या दिवशी दुसरं काही लिहायचं त्राण नव्हतं, आणि सभा साडेपाचला होती. तुम्ही हसतमुख नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन मिनिटं उभे राहिलो, मग सगळ्यांनी आपापल्या बॅगा उचलल्या.

शोकसभेत भांडणाबद्दल बोलता येत नाही. आपलं भांडण राहून गेलं आहे. तुम्हाला ते पाठ आहे, तरी एकदा सरळ मांडते, कारण आपण ते कधी सरळ मांडलंच नाही, ओरडूनच बोललो. डोंगरातल्या शनिवारच्या बाजारात दाखल्याचं काम करून घ्यायचं असेल, तर आधी तालुक्याच्या ऑफिसातून चिठ्ठी आणायची. ही अट मी घातली. ती काढ, असं तुम्ही मला सांगितलंत. मी 'बघते' म्हणाले. आणि तुम्ही गेलात.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. मी अजून नोकरीत आहे आणि नाव लिहिलं की खुलासा मागतात. जिल्ह्याच्या पश्चिमेचा डोंगर, एवढं पुरे.

मी रुजू झाले तो दिवस आठवतो. माझे वडील लासलगावच्या मार्केटात हमाल, आई खळ्यावर कांदा निवडायला जायची. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हा भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. तुम्हालाही सांगितलं. तुम्ही शिपाई म्हणून लागून कारकून झालेले, चांदवडकडचे, बोलणं तिकडचंच. चष्म्यावरून बघितलंत.

"बीए? कशात?"

"राज्यशास्त्रात."

"मंग राज्य तुला कळलं असंल. शास्त्र मी सांगतो. बस."

आणि माझ्यापुढे नामंजूर अर्जांचा गठ्ठा टाकलात. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, सगळे परत पाठवलेले. महिनाभर हेच वाच म्हणालात. मला राग आला. मी म्हटलं, "नाना, मी काम करायला आले आहे, रद्दी वाचायला नाही."

"मंजूर झालेल्यातून काय शिकणार? ते झालं, गेलं. परत गेलेलं वाच, ग्रॅज्युएट. आपलं ऑफिस कुठं आंधळं हाय ते त्यात दिसतं."

तेव्हापासून मी ग्रॅज्युएट झाले. ऑफिसभर. सुरुवातीला टोमणा वाटायचा. मग कळलं, शिपायांसमोर मला 'ए पोरी' म्हणायचं नाही म्हणून तुम्ही ते नाव काढलं होतं.

मी चिडून वाचलं, पण वाचलं. आणि पंधराव्या दिवशी तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहिले. निम्म्याहून जास्त जातीचे दाखले एकाच कारणाने परत गेले होते: वडिलांच्या शाळेचा दाखला जोडलेला नाही. मी म्हटलं, "नाना, बाप शाळेतच गेला नसेल तर दाखला आणायचा कुठून? माझा बापही गेला नाही. त्याला माझ्या दाखल्यासाठी चार वेळा काम बुडवावं लागलं."

तुम्ही म्हणालात, "मंग काय केलं त्यांनी?"

"गावातल्या चार म्हाताऱ्यांचे जबाब लागतात. ते घेऊन तहसीलला आला."

"चार म्हातारे घेऊन आला?"

"हो. त्यांचा चहा, एसटी, सगळं त्याच्याच अंगावर."

तुम्ही पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मला वाटलं, विषय संपला.

नंतरच्या आठवड्यात पाड्यावरची हिराबाई तिसऱ्यांदा आली. लेकीला नाशिकला वसतिगृहात घालायचं, दाखला हवा. पहिल्या वेळी कागद कमी, दुसऱ्या वेळी साहेब मीटिंगला, आणि आता जबाब नाहीत. ती रडली नाही. नुसती पायरीवर बसली आणि पायातला काटा काढत राहिली. तुम्ही जाऊन तिच्याजवळ उभे राहिलात.

"तुमच्या गावचा पोलीस पाटील कुठं भेटतो?"

"बाजारात."

"आणि तुझ्या सासऱ्याच्या वयाचे कोण हायेत?"

"हायेत की. तेबी बाजारात भेटत्यात. शनवारी सगळं बाजारातच असतंय, दादा."

"आणि आमी बसतो हितं," तुम्ही म्हणालात. तिला नव्हे, मला.

तेव्हा पाच दिवसांचा आठवडा झालेला होता. शनिवारची सुटी मिळाल्यावर आम्ही सगळ्यांनी शनिवारी लग्नं, सासर, दवाखाने लावून घेतले होते. तुम्ही बाजार लावून घेतलात. सुक्या बोंबलाच्या दुकानाशेजारी जागा मिळाली, कारण तिथे दुसरं कुणी बसायला तयार नसे. दुकानवाली म्हणाली, "साहेब, वास लागंल कपड्याला." तुम्ही म्हणालात, "लागू दे. सोमवारी साहेबालाबी कळंल मी कुठं होतो ते."

चहावाल्याचं एक डुगडुगतं टेबल, कोरे अर्ज, आणि तुमचा आवाज. मी दुसऱ्या शनिवारपासून आले, हट्टाने. तुम्ही मिरची घेणाऱ्या पोलीस पाटलाला हाक मारत होतात: "पाटील, ती तिखटाची पिशवी खाली ठेवा आन् सांगा, हिचा आजा कोण?" पाटील सांगायचे. बाजूने जाणारा म्हातारा थांबून म्हणायचा, "तसं नाय, आजा तो नव्हं, त्याचा थोरला." मग दोघांचं भांडण, मग तिसरा. अर्ध्या तासात चार जबाब. ऑफिसात ज्याला चार फेऱ्या लागायच्या ते काम भाजी घेता घेता व्हायचं. सोमवारी साहेबांपुढे कागद गेले. त्यांनी विचारलं, "हे जबाब कुठे घेतले?" तुम्ही म्हणालात, "गावात, साहेब." खोटं नव्हतं. बाजार गावातच भरतो.

पुढच्या शनिवारी हिराबाईला दाखला मिळाला. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि पिशवीत भाजीखाली ठेवला. तुम्ही ओरडलात, "अगं वर ठेव, भिजंल!" मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा हसताना बघितलं. म्हणजे शोकसभेचा मसुदा अगदीच खोटा नव्हता.

वर्षभर असंच चाललं. मी तुमच्याकडून जे शिकले ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही, आणि प्रशिक्षणं मी पुष्कळ केली. दर शनिवारी परतताना एसटीत तुम्ही विचारायचात, "आज कोण परत गेलं? का?" आणि पुढच्या शनिवारी ते 'का' संपवून टाकायचात. एकदा झेरॉक्ससाठी माणसं परत गेली, तर तुम्ही पुढच्या वेळी झेरॉक्सवाल्यालाच जनरेटर घेऊन बोलावलंत. लोक कागद घेऊन घाबरून उभे राहतात हे दिसल्यावर टेबलाच्या समोरची खुर्ची काढून तुमच्या शेजारी ठेवलीत. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. धंदेवाला जसं गिऱ्हाईक बघून दुकान मांडतो, तसं तुम्ही सरकार मांडलं होतं.

आणि मग मी ते लिहून काढलं.

आपलं भांडण इथे सुरू होतं. मी आठ पानांचा प्रस्ताव केला. तुम्ही तो बोंबीलवालीच्या काट्यावर ठेवलात आणि म्हणालात, "वजन बघ. आजून सही झाली नाय तरी एवढं."

"थट्टा नको, नाना. तुम्ही दोन वर्षांनी रिटायर होणार. मग हे कोण करणार?"

"तू."

"आणि माझी बदली झाली तर? माणसावर चालणारं काम माणसाबरोबर जातं. ते ऑफिसाचं व्हायला हवं."

"ऑफिसाचं झालं की त्याला पाय फुटत नाय, पोरी. त्याला खुर्च्या फुटतात."

मी तेव्हा म्हटलं की हे तुमच्या पिढीचं भय आहे, शिकलेल्या माणसाने काम असं तोंडी ठेवू नये. हे बोलले मी. तुम्ही प्रस्ताव घडी करून परत दिलात. "दे. तू शिकलेली हायेस. मला येत नाय ते तुला येतं." तेव्हा मला ते कौतुक वाटलं. आज ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघते आणि ठरवता येत नाही.

मी अजूनही म्हणते की माझं मूळ म्हणणं बरोबर होतं. ते मी सोडणार नाही, तुम्ही गेलात म्हणूनसुद्धा नाही. आज इतर तालुक्यांतही बाजारात टेबलं लागतात. तुमच्या एकट्याच्या जिवावर ती लागली नसती. प्रस्ताव मंजूर झाला, नाशिकला सादरीकरण झालं, माझा सत्कार झाला. व्यासपीठावरून मी तुमचं नाव घेतलं. तुम्ही आला नव्हता, शनिवार होता. घरी वडिलांनी सत्काराची शाल तीन दिवस खांद्यावरून काढली नाही. मार्केटमध्येही ती घालून गेले, कांद्याच्या गोण्या उचलायला. या अभिमानाची मला लाज नाही.

पण तुमचंही खरं झालं. आधी मंडप आला, मग बॅनर. मग बॅनरसमोर लाभार्थ्याचा फोटो सक्तीचा. मग फोटो अपलोड करायला ऑपरेटर, ऑपरेटरवर देखरेखीला एक कारकून, आणि कारकुनाचा अहवाल वाचायला जिल्ह्याला एक कक्ष. त्या कक्षात मी बढतीवर आले. बोंबीलवालीला मंडपापासून लांब हलवलं, पाहुणे येतात म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, नाना. खुळ्यासारखं कुणी काही केलं नाही. गर्दी वाढली, धक्काबुक्की झाली, एका म्हातारीचा हात दुखावला. वरून विचारणा आली की उपाययोजना काय? बाजारात नेटवर्क नाही, नोंदी तिथे होत नाहीत. मी बसून विचार केला आणि लिहिलं: इच्छुकांनी आदल्या आठवड्यात तालुका कार्यालयात नोंदणी करून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी. गर्दी आटोक्यात आली. अहवालात 'शिस्तबद्ध' असा शब्द पडला. मला वाटलं, जमलं.

तालुक्याला यायला लागू नये म्हणून जे टेबल मांडलं होतं, त्या टेबलाशी यायला तालुक्याला जाऊन यायला लागायचं. हे आता एका ओळीत लिहिता येतं. तेव्हा मला दिसलं नाही. नाशिकच्या कक्षात बसून मी फक्त आलेल्यांचे आकडे बघत होते. कोण परत गेलं, हे विचारणं कधी सुटलं ते मला सांगता येत नाही.

तुम्ही रिटायर झाला होता, तरी बाजाराला जात होता, भाजी घ्यायला म्हणून. तिथून फोन केलात.

"ग्रॅज्युएट, एक गंमत सांगू? हितं एक माणूस उभा हाय. पाड्यावरून चालत आलाय. त्याला सांगत्यात, चिठ्ठी आण. तो म्हणतो, चिठ्ठी आणाया गेलो असतो तर दाखलाच आणला नसता का?"

मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं तुम्ही चारचौघांत माझी फजिती करताय.

"नाना, तुम्हाला गर्दीचा प्रश्न माहीत नाही."

"मला माणूस माहीत हाय. हा बघ, बोल त्याच्याशी."

"मी मीटिंगमध्ये आहे."

"मंग मीटिंगमध्ये सांग. ती अट काढ."

आणि मी म्हणाले, "तुम्ही रिटायर झालात नाना. आता आम्हाला काम करू द्या."

तुम्ही "बरं" म्हणालात. नुसतं बरं. तुम्ही ओरडला असता तर मी माफी मागितली असती, असं मी त्यानंतर कितीदा तरी स्वतःला समजावलं आहे.

नंतर कित्येक महिने आपण बोललो नाही. मग तुम्ही दवाखान्यात असल्याचं कळलं, मी आले, संत्री घेऊन. त्या भांडणाचा विषय मी काढला नाही. तुम्हीच काढलात, नाकात नळी असताना. "ती चिठ्ठी?" मी म्हणाले, "बघते." सरकारी नोकरीत 'बघते' म्हणजे काय, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही डोळे मिटले. संत्री तशीच राहिली असतील.

दहाव्यानंतर तुमच्या घरी आले होते. काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझ्यावर रागावले नव्हते गं. फक्त शनिवारी तुझ्या फोनची वाट बघायचे. म्हणायचे, ती विचारील, आज कोण परत गेलं."

मी चहा घेतला. काय करणार होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून टिपणी लिहिली. दोन पानंसुद्धा नाहीत. चिठ्ठीची अट रद्द करावी. कारण लिहिलं: 'सदर अट माझ्या प्रस्तावावरून घालण्यात आली. ती चूक होती. तिच्यामुळे मूळ हेतूच विफल झाला.' पानाच्या तळाशी सही केली आणि साहेबांकडे स्वतः घेऊन गेले. हे साहेब नवे, वयाने माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. त्यांनी वाचलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, अट काढूया. मला पटलं. पण 'चूक' हा शब्द काढा."

"का, सर? चूकच आहे."

"असेल. पण फाइलीत 'चूक' आलं की वरून लिहून येतं, जबाबदारी निश्चित करा. मग चौकशी. चौकशी संपेपर्यंत नियम बदलता येत नाही. तुमची अट दोन वर्षं तशीच राहील. तुम्हाला शब्द हवाय की अट जायला हवी?"

मी टिपणीतली ती ओळ पुन्हा वाचली. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "लिहा, 'नागरिकांच्या सोयीसाठी कार्यपद्धतीचे सुलभीकरण.' आणि कायमचं नको, प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने. कायमचं म्हटलं की पाच टेबलं फिरेल."

नाना, तुमच्याशी बोलायची सवय आहे म्हणून खरं सांगते. मला ती टिपणी फाडून त्यांच्या तोंडावर टाकावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ते काय करतायत ते तुम्ही ओळखलं असतं. 'गावात, साहेब' म्हणणारा माणूस यांच्यावर रागावला नसता. मी खुर्चीत बसले, वाक्य खोडलं, नवं लिहिलं. दोन दिवसांत आदेश निघाला.

आदेश निघाल्यावरच्या शनिवारी मी बाजाराला गेले. मंडपाच्या तोंडाशी ऑपरेटर सवयीने विचारतच होता, "चिठ्ठी?" त्याला आदेश पोचला होता, तोंडाला पोचला नव्हता. एक बाई गुरुवारी तालुक्याला जाऊन चिठ्ठी घेऊन आली होती. आता लागत नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. "आसू द्या, ठेवून घ्या," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ती मला दिली. तिचा शुक्रवारही कामावाचून गेला होता, एसटी चुकली म्हणून. मी कोण आहे ते तिला सांगितलं नाही. तिचे कागद बघितले, एक कमी होता. पाटलांना हाक मारली. माझा आवाज तुमच्याएवढा जात नाही. बोंबीलवालीने लांबून ऐकलं आणि तिने हाक मारली.

संध्याकाळी परतताना एसटीत मी स्वतःलाच विचारलं, आज कोण परत गेलं. सात जण. कारणं लिहून ठेवली आहेत. तीन महिन्यांत त्यांतली किती संपतील ते ठाऊक नाही. थकले आहे, नाना. एवढं मोठं यंत्र आपण दोघांनी मांडलेल्या एका डुगडुगत्या टेबलातून वाढलं, आणि आता त्यातली एक चिठ्ठी काढायला एवढा दम लागला. पुढचं काय काय काढावं लागणार, त्याचा विचार करवत नाही. पण पुढच्या शनिवारी जाईन.

फाइल आता कपाटात गेली आहे. उद्या कुणी ती उघडली तर त्यात दिसेल की एक चांगली पद्धत होती, ती सोयीसाठी आणखी चांगली केली. कुणाचं काहीच चुकलं नव्हतं. मग पुढचा हुशार माणूस गर्दी बघून तीच अट पुन्हा घालेल, माझ्यासारखाच खाली मान घालून, चांगल्या हेतूने. त्याला सावध करणारी एकही ओळ आम्ही त्यात ठेवलेली नाही.

म्हणून ती ओळ इथे लिहिते, जिथे कुणाच्या मान्यतेची गरज नाही. ती अट मी घातली होती. बाजारात उभ्या असलेल्या माणसाशी फोनवर बोलायला मी नकार दिला. तुम्ही सांगितलंत त्या दिवशी मी ती काढायला हवी होती, तुम्ही जिवंत असताना. माझं चुकलं, नाना.